बाई तुमच्याबरोबर आहेत का?

कुसुमताईंना गप्प बसायला सांगणं म्हणजे कुकरला शिट्टी देऊ नकोस म्हणण्यासारखं. तरी त्या शनिवारी गाडीत बसल्यापासून त्यांची सून क्षितिजा तेच सांगत होती.

"आई, तुम्ही फक्त सगळ्यांच्या मागून चालायचं. कुणी काही बोललं तर हसायचं. फळ्यांच्या वाटेवरून खाली पाय टाकायचा नाही. आणि प्लीज, कशालाही हात लावायचा नाही."

"मग हात कुठे ठेवू? साडीला खिसे असतात का?" कुसुमताई म्हणाल्या. पण पुटपुटल्याच. आज सुनेची परीक्षा आहे हे त्यांना माहीत होतं, आणि परीक्षेच्या दिवशी मुलांशी वाद घालायचा नसतो हे त्या बदलापूरच्या शाळेत तीस वर्षं शिकवून शिकल्या होत्या.

क्षितिजाने जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या विद्यापीठात दलदलीतल्या वनस्पतींवर पीएचडी केली, दोन वर्षं तिथेच संशोधन केलं, आणि मार्चमध्ये तिचं कंत्राट संपलं. आता शहरापासून पाऊण तासावरच्या एका राखीव रानात, म्हणजे निम्मं जंगल आणि निम्मी पाणथळ अशा जागी, लोकांना फिरवून माहिती सांगणारं माणूस हवं होतं. उमेदवार तीन. प्रत्येकाने एकेक फेरी घेऊन दाखवायची, तीही जर्मनमध्ये, आणि तिथल्या प्रमुख बेरेन्सबाई मागून ऐकणार. आज क्षितिजाची पाळी. नोकरी लागली तर नवरा-बायको दोघं इथेच राहणार. नाही लागली तर जुलैत पुण्याला परत. तनयच्या, म्हणजे कुसुमताईंच्या मुलाच्या, कंपनीचं तिथेही ऑफिस होतं आणि बदलीचा अर्ज त्याने भरून ठेवला होता. फक्त सही बाकी होती.

खरं तर कुसुमताईंना घेऊन जायचं ठरलंच नव्हतं. पण तनय शहरातल्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनात स्टॉलवर अडकला होता, आणि त्यांना घरात एकटं ठेवायची सोय राहिली नव्हती. आदल्या शनिवारी त्यांनी एकटीने मिरच्या तळल्या, छताला लावलेला धुराचा भोंगा कोकलायला लागला, तो लाटण्याने झोडपूनही थांबेना, आणि अग्निशामक दलाचे चार धिप्पाड जवान बुटांसकट स्वयंपाकघरात उभे राहिले. कुसुमताईंनी त्यांना चहा विचारला होता. तनयला ते मुळीच आवडलं नाही.

आता कुसुमताईंच्या मनातलंही सांगून टाकते, कारण त्या स्वतः ते कुणाला सांगणार नव्हत्या. फेब्रुवारीत त्या आल्या तेव्हापासून रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या छोट्या गणपतीपुढे हात जोडून त्या मोठ्याने म्हणत, "माझ्या सुनेचं भलं कर रे बाबा." आणि मग ओठसुद्धा न हलवता म्हणत, "पण ही नोकरी तेवढी नको देऊस." यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. बदलापूरच्या दोन खोल्यांपैकी एकीत फक्त झाडलोट करून दार ओढून घ्यायचं, एवढाच त्या खोलीचा उपयोग उरला होता. मुलगा-सून पुण्याला आली तर निदान तीन तासांच्या अंतरावर तरी येतील. यात वाईट काय होतं? काहीच नाही. पण मोठ्याने म्हणायची हिंमत होत नव्हती, म्हणजे काहीतरी होतंच.

रानाच्या तोंडाशी बारा-तेरा माणसं जमली होती. सगळी पन्नाशी-साठीची, जाड बुटांची, गळ्यात दुर्बिणी. बेरेन्सबाई उंच, पांढरे केस मानेशी कापलेले, आणि चेहरा असा की हसल्या तर हसल्या, नाही तर नाही. क्षितिजाने सगळ्यांना "गूटन मॉर्गन" केलं आणि सुरुवात केली.

ते भाषण कुसुमताईंना पाठ होतं. म्हणजे अर्थ शून्य कळत होता, पण चाल पाठ होती. दोन आठवडे क्षितिजा कणीक मळताना, कपडे वाळत घालताना, ओट्यापुढे उभी राहून तेच म्हणत होती. कुठे आवाज चढतो, कुठे हात उंचावतो, कुठे लोकांनी हसायचं, सगळं त्यांना ठाऊक. आणि अडखळली की ती "आल्झो" म्हणते हेही ठाऊक. आपण "म्हणजे, ते हे" म्हणतो, तसं. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी सहा आल्झो मोजले. हिचं काही खरं नाही, अशी काळजी त्यांना वाटली. पण त्याबरोबर मनात कुठेतरी थोडं बरंही वाटलं. स्वतःचीच चीड आली त्यांना.

एप्रिल संपत आला होता. झाडांना कोवळी पानं फुटली होती, इतकी कोवळी की ऊन त्यांच्यातून आरपार खाली येत होतं. खाली पांढऱ्या फुलांचा नुसता सडा. वाट मऊ होती, कुणाच्या पायाचा आवाज येत नव्हता. एवढी माणसं असून कुणी शेंगदाणे खात नव्हतं, कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. पहिल्यांदा कुसुमताईंना ते विचित्र वाटलं. मग एक पक्षी ओरडला, त्याला लांबून दुसऱ्याने उत्तर दिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की ही माणसं गप्प आहेत म्हणून हे ऐकू येतंय. बरं वाटलं. क्षितिजाचे आल्झोही थांबले होते. ती आता एका पडलेल्या ओंडक्यापाशी गुडघ्यावर बसून काहीतरी दाखवत होती आणि सगळे वाकून बघत होते. शाळेत इन्स्पेक्टर येऊन मागे बसला की कसं शिकवावं लागतं ते कुसुमताईंनी भोगलं होतं. पोरगी छान शिकवत होती. ही गोष्ट त्यांना नाकारता येईना.

आणि तेवढ्यात त्यांना शेवळं दिसली.

ज्यांना शेवळं माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ठाणे-रायगडच्या रानात पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणारा एक कोंब. बाहेर पानासारखं गुंडाळलेलं आवरण, आत जांभळट दांडा. आदिवासी बायका जुड्या बांधून बाजारात आणतात, जेमतेम पंधरा-वीस दिवस. नीट केली नाहीत तर घसा असा खाजतो की माणूस आयुष्यात पुन्हा नाव काढणार नाही. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, आंबट घालून भरपूर शिजवायचं, आणि कोलंबी घालून कालवण करायचं. तनयचा जीव की प्राण. नऊ वर्षांत त्याच्या तोंडाला शेवळं लागली नव्हती, कारण तो यायचा डिसेंबरात.

वाटेच्या कडेला, झाडाच्या मुळाशी, ओल्या मातीत एक, दोन, पाच, सात. तसंच गुंडाळलेलं आवरण. तसाच जांभळट दांडा. आवरण जरा फिकट हिरवं होतं आणि शेजारी पानंही होती, जी शेवळाला त्या वेळी नसतात. पण परमुलुखात माणसं बदलतात तर शेवळं नाही का बदलणार? कुसुमताईंनी एवढा विचार केला आणि पुढचा केला नाही. सगळी माणसं पुढे गेली होती. त्या वाकल्या. हात लावायचा नाही हे आठवलं, नाही असं नाही. पण ज्या रानात कुणी ही खुडत नाही तिथे ती नुसती कुजून जाणार, आणि संध्याकाळी पोरगा दमून येणार. त्यांनी चार शेवळं खुडली आणि शालीच्या टोकात गुंडाळली.

"हालो!"

हिरवी टोपी घातलेला एक आजोबा त्यांच्यासाठी थांबला होता, आणि त्याने सगळं पाहिलं होतं. तो तरातरा आला, शालीकडे बोट दाखवून म्हणाला, "डास इस्ट गिफ्ट! गिफ्ट!"

कुसुमताईंचा चेहरा खुलला. उगीच घाबरलो आपण! भला माणूस दिसतो. त्यांनी मान झुकवून म्हटलं, "थँक यू. थँक यू व्हेरी मच."

"नाइन! गिफ्ट!" आजोबा लालेलाल झाला. कुसुमताईंना वाटलं, यांचं काय करायचं ते याला कळत नसावं. म्हणून त्यांनी पाचही बोटं तोंडाशी नेऊन खायची खूण केली, वर "व्हेरी टेस्टी" असंही सांगितलं. त्यावर आजोबा असा किंचाळला की झाडावरचे पक्षी उडाले आणि सगळा घोळका मागे फिरला.

जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष, हे त्यांना संध्याकाळी कळलं.

बेरेन्सबाई आल्या, त्यांनी शाल उलगडली, चारही शेवळं तळहातावर घेतली. टोपीवाला भडाभडा बोलत होता. त्याच्या सगळ्या बोलण्यात नियमांचा वास होता. ते कळायला भाषा लागत नाही. मग बेरेन्सबाईंनी क्षितिजाकडे पाहिलं आणि एक प्रश्न विचारला. शब्द कुसुमताईंना कळले नाहीत, पण एक बोट यांच्याकडे आणि नजर तिच्याकडे, एवढ्यावरून प्रश्न न कळायला त्या काही कुक्कुलं बाळ नव्हत्या. ही बाई तुमच्याबरोबर आहे का?

क्षितिजाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नाइन," ती म्हणाली.

तीन महिन्यांत कुसुमताईंना जर्मनचे सहा शब्द आले होते. हा त्यातला पहिला. नाही.

तळपायाची आग मस्तकात जाणं कशाला म्हणतात ते त्यांना त्या क्षणी कळलं. हिच्यासाठी पहाटे उठून घावन केले. हिचा पाय मुरगळला तेव्हा दहा दिवस शेकला. आणि ही मला, बारा परक्या माणसांसमोर, ओळखत नाही? जिभेवर हाक तयार होती. "अगं क्षितिजा!" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. सगळं उघडं पडलं असतं, नोकरी गेली असती, तनयने अर्जावर सही केली असती, आणि जुलैत दोघं पुण्याला. गणपतीकडे तीन महिने जे मागत होत्या ते तोंडाच्या आत, दातांच्या मागे येऊन उभं होतं.

कुसुमताईंनी तोंड मिटून घेतलं.

का, ते त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं. पोरगी घाबरली आहे एवढंच दिसलं. तीस वर्षांत वर्गात अशी किती तोंडं पाहिली होती. खोटं बोलून गेलेलं आणि बोलल्या क्षणी मेल्याहून मेलं झालेलं तोंड. त्यावर सर्वांसमोर छडी मारायची नसते.

"यू आर विथ सम वन?" बेरेन्सबाईंनी इंग्रजीत विचारलं.

"नो," कुसुमताई म्हणाल्या. "अलोन. टूरिस्ट."

क्षितिजाने मान खाली घातली. मग तिने ती चार शेवळं हातात घेतली आणि त्यांच्यावरच बोलायला लागली. हे पाठ केलेल्यातलं नव्हतं, ही चाल कुसुमताईंनी ऐकली नव्हती. पण लोक पुढे सरकून ऐकत होते, टोपीवालासुद्धा. एकही आल्झो नाही.

पुढचा तासभर कुसुमताई सगळ्यांच्या दहा पावलं मागून चालल्या. जंगल संपलं, फळ्यांची वाट सुरू झाली, दोन्हीकडे काळं पाणी आणि त्यात उभी वाळकी वेतासारखी झुडपं. लांब दोन उंच करडे पक्षी एकमेकांभोवती संथ पावलं टाकत होते. सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या. एका बाईने आपली दुर्बीण कुसुमताईंपुढे धरली, त्यांनी बघितलं, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. बोटांची आग होत होती, खाजत होती. शेवळंच आहेत मेली, त्या मनात म्हणाल्या, उगीच विष म्हणतात.

फेरी संपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हस्तांदोलनं केली आणि एकेक गाडी निघून गेली. क्षितिजाने लांबूनच डोळ्यांनी खुणावलं, थांबा, सगळे जाऊ देत. कुसुमताई बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या, कारण टूरिस्ट बाईने तिथेच उभं राहायला हवं. भुरभुर पाऊस सुरू झाला होता. वेळापत्रकावरून एवढं कळलं की शनिवारची पुढची बस दोन तासांनी आहे.

ते बेरेन्सबाईंनाही माहीत होतं. त्यांनी आपली गाडी थांब्यापाशी आणली, दार उघडलं आणि म्हणाल्या, "कम. आय ड्राइव्ह यू."

आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर का? पावसात दोन तास उभी राहणारी म्हातारी नाही म्हणत नाही. कुसुमताईंनी क्षितिजाच्या दिशेने पाहिलंही नाही. पदर सावरला, गाडीत बसल्या, पट्टा ओढून लावला. "बानहोफ," त्या म्हणाल्या. स्टेशन. हाही सहातलाच एक शब्द. तिथून पुढे काय करायचं हे त्यांना मुळीच माहीत नव्हतं. खिशात, म्हणजे पिशवीत, फोनही नव्हता.

गाडी हलली, आणि काचेवर थाप बसली. क्षितिजा धावत आली होती, चष्म्यावर पाणी, धाप लागलेली.

"आई, उतरा," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? जा तू!" कुसुमताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "सगळं जमलंय, आता माती करू नकोस."

पण क्षितिजा बेरेन्सबाईंशी बोलत होती. थोडंच बोलली. त्यात 'नाइन' हा शब्द होता, आणि स्वतःच्या छातीवर ठेवलेला हात होता, आणि मग कुसुमताईंकडे दाखवलेला तोच हात होता. बेरेन्सबाईंनी इंजिन बंद केलं. वळून त्यांनी कुसुमताईंना विचारलं, "इज इट ट्रू? शी इज युअर फॅमिली?"

कुसुमताईंना अजून एकदा नाही म्हणता आलं असतं. तयारीही होती. पण काचेपलीकडे पोरगी भिजत उभी होती आणि या वेळी ती मान खाली घालत नव्हती.

"येस," त्या म्हणाल्या. "माझी सून आहे. माय डॉटर-इन-लॉ. व्हेरी गुड टीचर."

बेरेन्सबाई क्षितिजाला तीन वाक्यं म्हणाल्या आणि कुसुमताई उतरल्यावर निघून गेल्या.

आपल्या गाडीत बसल्यावर क्षितिजा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. कुसुमताईंनी रडू दिलं. मग विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, फेरी चांगली झाली. पण आता मला विचार करावा लागेल, सोमवारी फोन करते."

"ही दोनच झाली. तिसरं?"

"सासूबाईंचे हात साबणाने धुवायला सांगा, म्हणाली."

दोघींना हसू फुटलं आणि लगेच विझलं. "आई, मी तुम्हाला ओळखत नाही म्हटलं," क्षितिजा म्हणाली. "सगळ्यांना सांगितलं होतं ना, इथलं पानसुद्धा तोडायचं नाही, आणि दहाच मिनिटांनी... मला काही सुचलंच नाही. माफ करा."

"राग आलाय मला," कुसुमताई म्हणाल्या. "भयंकर आलाय. उद्यापर्यंत राहील. आजचा स्वयंपाक तू कर." मग म्हणाल्या, "आणि मी तरी कुठली शहाणी? हात लावू नका म्हटलं तर खुडून मोकळी झाले. शेवळं नव्हती ना ती?"

"नव्हती. पण कुळ एकच आहे, आई. बघायला तुम्ही चुकला नाहीत. फक्त ही कितीही शिजवली तरी खायची नाहीत."

रविवारी सकाळी कुसुमताई गणपतीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांना काय मागावं ते कळेना. तोंडातलं आणि मनातलं, दोन्ही अडकलं. शेवटी म्हणाल्या, "तुला काय करायचं ते कर बाबा, मला विचारू नकोस," आणि दिवा लावून बाजूला झाल्या.

सोमवारी अकराला फोन वाजला. कुसुमताई टेबलाशी भाजी निवडत होत्या. क्षितिजा बाल्कनीत जाऊन बोलत होती, "जा... जा... गेनाऊ... जा." इथे 'हो'ला 'जा' म्हणतात, आणि 'बरोबर'ला 'गेनाऊ'. मग ती आत आली आणि तिने कुसुमताईंना मिठी मारली. नोकरी लागली होती. सहा महिने परीक्षेचे, मग कायम. मिठीत कुसुमताई म्हणाल्या, "शाब्बास गं, शाब्बास," आणि ते अगदी मनापासून होतं, त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. मग त्या आत गेल्या, पलंगावर बसल्या आणि पदर तोंडात धरून रडायला लागल्या.

तनयला फोन लावून झाल्यावर क्षितिजा त्यांना शोधत आली. दारात थबकली. "आई? काय झालं? आनंदाने ना?"

शनिवारी झालं तेवढं खोटं पुरे होतं.

"अर्धं आनंदाने," कुसुमताई म्हणाल्या. "अर्धं, तुम्ही आता परत येणार नाही म्हणून. मी देवाकडे तेच मागत होते, तुला ही नोकरी मिळू नये म्हणून. फेब्रुवारीपासून. आता तूच मला माफ कर."

क्षितिजा चिडेल असं त्यांना वाटलं. मग वाटलं, ही आता म्हणेल, असं काय आई, येऊ की आम्ही, दोन-चार वर्षांत येऊच, बघा तुम्ही. सगळ्यांची मुलं म्हणतात तसं.

ती येऊन शेजारी बसली. त्यांचा ओला हात तिने आपल्या मांडीवर घेतला, बोटांवरचे लाल चट्टे बघितले.

"नाही येणार, आई," ती म्हणाली.